उजवीकडचा झोक

सेनादने नॉर्बच्या मानेवर केस कापायचं मशीन टेकवलं आणि नेमकं तेव्हाच भिंतीवरच्या टीव्हीतून लिडियाचं नाव आलं. नॉर्बने झटकन मान वर केली. मशीन सरकलं आणि उजव्या कानामागची बोटभर जागा साफ झाली. सेनाद आधी स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि मग म्हणाला, "बस आता. तिकडूनही तेवढेच काढतो, नाहीतर लोक विचारतील कुणी चावलं म्हणून." नॉर्बचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. टीव्हीवर एक बाई बसली होती, पूर्वी स्वतः खेळलेली, आता कोट घालून इतरांच्या खेळावर बोलणारी. तिने चित्र थांबवलं होतं. चित्रात लिडिया गोलात उभी होती, हिरवा शर्ट, हात अर्धे पसरलेले, आणि बाईने तिच्या उजव्या खांद्याभोवती पिवळं वर्तुळ काढलं होतं. ती सांगत होती की ह्या मोसमात हिच्यावर तीन पेनल्ट्या मारल्या गेल्या आणि तिन्ही वेळा, मारणारीचा पाय चेंडूला लागायच्या आधीच, हिचा हा खांदा खाली गेला. तिन्ही चित्रं तिने एकापाठोपाठ एक दाखवली. दोन गोल झाले होते, दोन्ही लिडियाच्या डाव्या हाताच्या बाजूने. तिसरा चेंडूही तिकडेच आला होता आणि कसाबसा बोटांना लागून बाहेर गेला होता. शनिवारचा सामना पेनल्ट्यांवर गेला तर समोरच्या मुलींना कुठे मारायचं ते आता ठाऊक आहे, असं बाई म्हणाली आणि हसली. वाईट नाही हसली. मग टायरची जाहिरात लागली.

सेनाद खूश होता. त्याच्या आरशाच्या कडेला लिडियाचं वर्तमानपत्रातलं चित्र चिकटवलेलं होतं, त्याच्या गावाकडच्या जुन्या संघाच्या फोटोशेजारी. त्याने मशीन बंद करून बाजूच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला सांगितलं की आत्ता दिसली ती ह्याची मुलगी, मिलवॉकीच्या संघाची गोलकीपर. त्या माणसाने कौतुकाने मान हलवली आणि ती कुठल्या हायस्कूलची म्हणून विचारलं. "ह्या सेंट लुईसमध्ये माणूस मेला तरी आधी हेच विचारतात," सेनाद म्हणाला. मग त्याने आरशातून नॉर्बकडे पाहिलं. "मुलगी अख्ख्या देशाला दिसली आणि तुझं तोंड गोल खाल्ल्यासारखं का?" नॉर्ब म्हणाला काही नाही, आणि दुसऱ्या कानामागचेही काढ म्हणाला.

घरी तो चालतच निघाला. नोव्हेंबरची दुपार होती, ऊन होतं पण त्याला ऊब नव्हती. दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं, आणि सवयीने त्याची नजर विटांवर नाही, विटांमधल्या दरजांवर जात होती. चाळीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. जुन्या भिंतींच्या दरजांमधला भुसभुशीत झालेला माल खरवडून काढायचा आणि नवा भरायचा. काम चांगलं झालं तर कुणाला दिसत नाही, वाईट झालं तर शंभर पावलांवरून दिसतं. आज त्याला एकही दरज नीट दिसत नव्हती. सारखा तो खांदाच दिसत होता. बाईने त्याच्याभोवती वर्तुळ काढलं नसतं तरी त्याने तो ओळखला असता. दहा वर्षं तो खांदा त्याने समोरून पाहिला होता, घरामागच्या गल्लीत, गॅरेजच्या दाराला पाठ लावून उभा असलेला, कधी आठ वर्षांचा, कधी बारा वर्षांचा, कधी सोळा. नॉर्ब धावत यायचा आणि तो खांदा उजवीकडे झुकायचा. त्याला वाटायचं, पोर तयार आहे. वाट बघतेय. आता त्याला कळलं की ती त्याच्याच चेंडूची वाट बघत होती. दुसरीकडे जाणारा चेंडू त्याने तिला कधी मारलाच नव्हता.

लिडिया पाच वर्षांची असताना तो एका शाळेच्या चिमणीवरच्या परांचीवरून पडला होता. डावा गुडघा स्क्रू घालून जोडला. त्यानंतर तो वाकायचा, पण ठरावीक तेवढाच, आणि अंगाचा भार पेलून वळायचा तर मुळीच नाही. उजव्या पायाने मारणाऱ्याला डावा पाय रोवून त्यावर वळावं लागतं. नॉर्बला रोवता येत होता. वळता येत नव्हतं. म्हणून त्याने मारलेला प्रत्येक चेंडू अंगावरून ओढला जाऊन एकाच बाजूला जायचा, लिडियाच्या उजव्या हाताला. कधी वर, कधी खाली, कधी जोरात, पण तिकडेच. कामावरून आल्यावर, अंगावर धूळ तशीच असताना, जेवणाआधी चाळीस-पन्नास चेंडू. त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही. हाताला ठाऊक असतं तसं पायाला ठाऊक होतं. पण गुडघ्याबद्दल त्याच्या घरात कुणी बोलत नसे. एकदा त्याच्या बायकोच्या, रोझॅनच्या, भावाने नाताळच्या जेवणाला त्यावर काहीतरी विनोद केला तेव्हा नॉर्ब ताटावरून उठून तळघरात जाऊन बसला होता, आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. त्यानंतर तो विषय संपला. संपला म्हणजे सगळ्यांनी संपवला. आता तो विषय मिलवॉकीत, गोलाच्या रेषेवर, वीस हजार लोकांसमोर उभा राहणार होता.

घरी येऊन त्याने सूप गरम केलं आणि ते गार होईपर्यंत समोर घेऊन बसला. अशा वेळी रोझॅनला विचारायचं असे. हे मुलीला सांगावं की सांगू नये? रोझॅन टेबल पुसता पुसता एका वाक्यात सांगून मोकळी झाली असती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, दिवसाला चारशे पोरांना वाढायची, आणि कुठल्याही पोराकडे एकदा बघून त्याला काय झालंय ते सांगू शकायची. तिला जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. ह्या दोन वर्षांत नॉर्बने तिच्याबद्दल जे जे आठवण्यासारखं होतं ते सगळं आठवून घेतलं होतं, मागे-पुढे, पुन्हा पुन्हा, आणि हल्ली त्याच्या लक्षात आलं होतं की त्यात नवीन काही येत नाही. होतं तेवढंच आहे. रोज तेच काढायचं, पुसायचं आणि परत ठेवायचं. तिने ह्या खांद्याबद्दल काय सांगितलं असतं ते त्याला आठवेना, कारण तिने त्याबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी त्याने फोन केला. लिडिया जेवत होती. त्याने विचारलं काय जेवतेस, ती म्हणाली भात आणि चिकन. थंडी आहे का, तर आहे. खांदा कसा आहे, त्याने विचारलं. खांद्याला काय झालंय, तो पहिल्या गोलकीपरचा निखळला होता, माझा ठीक आहे, असं म्हणून ती हसली. त्यांच्या घरात बोलायचं काम रोझॅनचं होतं. बापलेक चेंडूच्या दोन टोकांना उभे राहायचे आणि मध्ये चेंडू असला की त्यांना पुरे व्हायचं. शनिवारी येतोस ना, तिने विचारलं. त्याने येतो म्हटलं. तिकीट दारावर ठेवते म्हणाली आणि फोन बंद झाला.

शनिवारी पहाटे तो निघाला. नदी ओलांडली, मग इलिनॉयची सपाट शेतं सुरू झाली, मका कापून नेलेली, करड्या खुंटांची, मैलोन् मैल सारखी. सहा तासांचा रस्ता. हा रस्ता त्याने दोन मोसमांत सातदा केला होता, आणि त्यातल्या सहा वेळा लिडिया खेळलीच नव्हती. ती दुसरी गोलकीपर होती. दुसऱ्या गोलकीपरचं काम काय, हे त्याला तेव्हा कळलं. सामन्याआधी चाळीस मिनिटं पहिलीला तयार करायचं, तिला हवे तसे चेंडू मारायचे, उंच, खाली, टप्पा पाडून. मग जाड कोट घालून बाकावर बसायचं आणि दोन तास हलायचं नाही. कॅन्सस सिटीहून मुलीला बघायला आलेल्या एका आईने त्याला एकदा विचारलं होतं, इतक्या लांब येऊन पोरीला बसलेलीच बघायचं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला होता, मी चाळीस मिनिटांसाठी येतो. ते खरं होतं. त्या चाळीस मिनिटांत लिडिया जसे चेंडू मारायची तसं मन लावून काम करणारी माणसं त्याने आयुष्यात चार-पाचच पाहिली होती. समोरचीला जिथे कमी पडतं तिथे ती नेमका चेंडू टाकायची. दोन्ही बाजूंना. दोन्ही पायांनी. तेव्हा त्याला अभिमान वाटला होता. आता गाडी चालवताना वाटलं, तिला ठाऊक होतं तर. कुणाला तयार करायचं तर दोन्हीकडे मारावं लागतं हे तिला ठाऊक होतं, आणि बापाने ते केलं नाही हेही तिला ठाऊक असणार.

सात वर्षांची असताना पॅरिशच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, संघात लिडिया गोलात उभी राहिली ती काही आवडीने नाही. बूट उशिरा मिळाले म्हणून ती शेवटी पोहोचली आणि तेवढी एकच जागा उरली होती. हातमोजे कुणाचे तरी उसने, बोटं दोन इंच लांब. पहिल्या दहा मिनिटांत गोल झाला. इतर पोरी असं झालं की रडायच्या किंवा आईकडे बघायच्या. लिडियाने जाळ्यातून चेंडू काढला, शर्टाने पुसला आणि पंचाच्या हातात दिला. पंच म्हातारा होता, त्याने तो टोपी काढून घेतला. रोझॅन नॉर्बला कोपराने ढोसून म्हणाली होती, "बघ, दुकानदारीण. माल परत आला तर पुसून देतेय." तेव्हापासून ती गोलातून हलली नाही. हायस्कूलमध्ये तिची करंगळी मोडली तर शेजारच्या बोटाला बांधून ती राज्याच्या उपांत्य सामन्याला उभी राहिली आणि हरल्यावर बसमध्ये सगळ्यांना स्वतःची चॉकलेटं वाटली. कॉलेजात पहिली दोन वर्षं बाकावर. तिसऱ्या वर्षी जागा मिळाली. चौथ्या वर्षी रोझॅन आजारी पडली, आणि लिडिया मोसम अर्धा टाकून घरी आली, कुणी न बोलावता. आईला आंघोळ घालायची, केस विंचरायची, दुपारी गल्लीत एकटीच गॅरेजच्या दारावर चेंडू मारून परत आलेला पकडायची. तो आवाज आतल्या खोलीत ऐकू यायचा. धप्. मग थोडा वेळ काही नाही. मग धप्. नॉर्ब तिला थांब म्हणून सांगायला उठला तेव्हा रोझॅन म्हणाली होती, राहू दे, मला बरं वाटतं.

कॉलेज संपल्यावर तिला कुणी घेतलं नाही. मिलवॉकीने नुसतं सरावाला ये म्हटलं, करार नाही. आठ महिने ती एका म्हाताऱ्या जोडप्याच्या वरच्या खोलीत राहिली, सकाळी सराव, दुपारी रोपवाटिकेत खतांची पोती उचलायची. रोज रात्री हातमोजे सिंकमध्ये साबणाच्या पाण्यात धुवायची, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. नॉर्ब भेटायला गेला तेव्हा त्याने ते पाहिलं. कामाची हत्यारं तो स्वतः अशीच ठेवायचा, पण तिला हे शिकवल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग तिसरी गोलकीपर झाली, मग दुसरी. ऑगस्टमध्ये पहिलीचा खांदा निखळला आणि लिडिया आत गेली. अकरा सामन्यांत तिने सातच गोल खाल्ले. ती ओरडायची कशी हे त्याला तेव्हा प्रथम समजलं. घरी चार शब्द न बोलणारी पोरगी मैदानावर सारखी बोलत होती, पुढच्या चौघींना नावाने हाक मारून सरकवत होती, डावीकडे, अजून, थांब, आता जा. चेंडू तिच्यापर्यंत यायचाच नाही. लोकांना वाटायचं आज गोलकीपरला काम नव्हतं. नॉर्बला वाटायचं, दरज अशी भरावी. पण करार डिसेंबरमध्ये संपत होता, पहिलीचा खांदा बरा होत आला होता, आणि क्लबने लिडियाला पुढच्या वर्षाबद्दल अजून काही सांगितलेलं नव्हतं. हा बाद फेरीचा सामना होता. हरलं की मोसम संपला. आणि देशाने पाहिलेलं तिचं शेवटचं चित्र ते पिवळ्या वर्तुळातलं राहिलं असतं.

मिलवॉकीत पोहोचला तेव्हा सामन्याला तास राहिला होता. आता तिला भेटता येणार नव्हतं. फोन करता आला असता. गाडीत बसून त्याने फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि काय बोलायचं त्याचा विचार केला. तुझा खांदा झुकतो. तो माझ्यामुळे झुकतो. झुकू देऊ नकोस. पण भिंतीवर चढलेल्या माणसाला खालून, पाय जपून ठेव, असं कधी ओरडून सांगू नये हे त्याला ठाऊक होतं. त्या चिमणीवर असताना कुणीतरी त्याला तेच सांगितलं होतं, चांगल्या मनाने, आणि त्याने खाली पाहिलं होतं. त्याने फोन खिशात ठेवला.

सामना बरोबरीत राहिला, एक-एक. जादा वेळातही. लिडियाने दोन चेंडू असे काढले की समोरच्या संघाचे पाठीराखे बसले होते तिकडूनही टाळ्या आल्या, एक तर स्वतःच्याच संघातल्या मुलीच्या पाठीला लागून वळलेला, शेवटच्या क्षणी, तळहाताने. नॉर्बने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो घड्याळाकडे बघत होता, ते पुढे जाऊ नये म्हणून. ते गेलं. पंचाने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना कळलं आता पेनल्ट्या. पुढच्या रांगेत चीजच्या तुकड्याच्या आकाराची फोमची टोपी घातलेला एक दांडगा माणूस आपल्या बायकोला समजावत होता की आता आपलं काही खरं नाही, ही पोरगी उजवीकडेच पडते, टीव्हीवर सांगितलंय, माझी आजीसुद्धा गोल मारेल. बायको म्हणाली, तुझ्या आजीला घेऊन ये मग. नॉर्बला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगावंसं वाटलं की बाबा रे, ती नाही, मी.

समोरच्या संघाची पहिली मुलगी आली. लिडिया रेषेवर उभी राहिली, हात पसरले, आणि मुलगी धावत आली तसा तो खांदा झुकला. उजवीकडे. नॉर्बने सहा तासांच्या रस्त्यावर जितक्यांदा पाहिला होता तसाच. चेंडू डावीकडे गेला. लिडियाही गेली, बोटं लागली, पण चेंडू आत गेला. टोपीवाला म्हणाला, सांगितलं होतं ना. मग मिलवॉकीच्या मुलीने गोल केला. समोरची दुसरी आली. पुन्हा खांदा. पुन्हा चेंडू डावीकडे, जमिनीलगत, आणि ह्या वेळी लिडिया तिथे आधीच आडवी पडलेली होती, चेंडू तिच्या मनगटांवर येऊन आदळला आणि बाहेर गेला. लोक उठले. नॉर्ब बसूनच राहिला, कारण त्याने जे पाहिलं ते त्याला समजलं नव्हतं. उजवीकडे झुकलेलं माणूस डावीकडे जातं तेव्हा मधे एक क्षण रिकामा जातो. अंग सावरायचा क्षण. तो क्षण तिथे नव्हता. झुकणं आणि जाणं एकाच हालचालीत होतं, हातोडा मागे नेल्याशिवाय पुढे येत नाही तसं. तिसरीने डावीकडे अगदी वर मारला, कुणाच्याच हाती लागला नसता. चौथीचा चेंडू डावीकडे कंबरेएवढा आला आणि लिडियाने तो दोन्ही हातांनी धरला, नुसता अडवला नाही, धरला, आणि धरून क्षणभर तशीच पडून राहिली. तोवर मिलवॉकीच्या चौघींपैकी तिघींचे गोल झाले होते, एकीचा खांबाला लागला होता. पाचवी मुलगी आली तेव्हा ती लिडियाकडे बघत होती, मग चेंडूकडे, मग पुन्हा लिडियाकडे. खांदा झुकला. त्या मुलीने बहुधा दोनदा विचार केला. चेंडू गोलावरून कितीतरी उंच, जाहिरातींच्या फलकांवरून लोकांत गेला. सामना संपला. टोपीवाल्याने टोपी बायकोच्या डोक्यावर घातली आणि मागे वळून, ओळख ना पाळख, नॉर्बला मिठी मारली.

मैदानाच्या कडेला लोखंडी कठडा होता. तिथे लहान मुलींची गर्दी होती, कुणाच्या हातात शर्ट, कुणाच्या हातात पेन. लिडिया एकेकीजवळ थांबत होती, नाव विचारत होती, नाव नीट ऐकून मग सही करत होती. नॉर्ब गर्दी ओसरेपर्यंत मागे उभा राहिला. गुडघा दुखत होता. ती त्याच्यापर्यंत आली तेव्हा तिच्या गालाला गवत चिकटलेलं होतं आणि केस घामाने ओले होते. तिने कठड्यावरून त्याला मिठी मारली आणि कानामागे हात फिरवून विचारलं, हे काय केलंय सेनादने. तो म्हणाला, "लिडी, तो खांदा. तो माझ्यामुळे आहे. मी सगळे तिकडेच मारले. मला दुसरीकडे मारता येत नव्हतं." इतकं बोलून तो थांबला. गुडघ्याचं नाव त्याने घेतलं नव्हतं, पण घेतल्यासारखंच होतं.

लिडियाने त्याच्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, ठाऊक आहे की. कॉलेजच्या कोचने दोन वर्षं कंबरेला रबरी पट्टा बांधून तो काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही, मग आम्ही दोघींनी नाद सोडला. आणि टीव्हीवरच्या त्या बाईने तो जगाला दाखवला तेव्हा मी उठून नाचले, बाबा, पाचही जणी आता डावीकडे मारणार म्हणून. नॉर्ब म्हणाला, पण झुकल्यावर तिकडे जायला वेळ कुठून आणतेस. ते कुणी शिकवलं?

हातमोज्याची पट्टी तिने उघडली, परत लावली.

"आईने," ती म्हणाली. "तू तळघरात आंघोळीला जायचास ना, धूळ काढायला. वीस मिनिटं. तेवढ्यात ती बाहेर यायची. म्हणायची, बाबाची बाजू दाखव आणि माझी घे."

नॉर्बने कठडा धरला. तळघरातलं ते नळाचं पाणी त्याला आठवलं, पाठीवर पडणारं, आणि वरून कुठूनतरी येणारा धप् असा आवाज. त्याला वाटायचं पोर एकटीच खेळतेय. लिडिया सांगत होती की आईने तिच्याकडून शपथ घेतली होती, बाबाला सांगायचं नाही, त्याला वाटेल आपण त्याच्या गुडघ्याचा विषय काढला. नंतर सांगू म्हणायची. मग ती आजारी पडली आणि ते राहूनच गेलं. मी कितीदा फोनवर सांगणार होते, ती म्हणाली, पण आपण फोनवर भाताबद्दलच बोलतो.

मागून कुणीतरी लिडियाला आत बोलावत होतं. तिने हात वर करून थांबा म्हटलं. नॉर्बच्या डोक्यात एकच गोष्ट येत होती. एकतीस वर्षं तो त्या बाईबरोबर राहिला होता आणि तिला चेंडूला पाय लावताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कुठल्या पायाने मारायची?" त्याने विचारलं.

"डाव्या. स्वयंपाकघरातल्या सपाता काढून ठेवायची पायरीवर आणि मोज्यांनी मारायची. जवळून. धावत वगैरे नाही."

"जोरात?"

लिडिया हसली. "तुझ्यापेक्षा."

त्याने मान हलवली. आत पुन्हा तिला हाक मारली गेली. ती जायला निघाली तेव्हा त्याने तिचा हात हातमोज्यासकट धरून ठेवला.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला.